शिवगंगाचा बेंजो आणि सोलापूरचा डबा

ढोकीला स्टेशनाकडून गावात येताना डाव्या हाताला भीमाशंकरचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान लागतं. आमच्याकडे ऊस आहे म्हणजे पाण्याची मोटार आहे, आणि मोटार आहे म्हणजे ती कधीतरी जळणार आहे. जळालेली मोटार लोक पोत्यात बांधून मोटारसायकलवर आणतात, चार दिवसांनी घेऊन जातात, आणि ती वर्ष-दोन वर्षं बिनतक्रार चालली की म्हणतात, "भीमाचा हात लई चांगला."

तो हात भीमाचा नाही. मोटार उघडणं, बेअरिंग बसवणं, गिऱ्हाइकाला चहा पाजणं हे भीमाशंकर करतो. आतली तांब्याची तार भरते ती त्याची बायको, शिवगंगा. दुकानामागच्या घरात बसून, पंधरा-सोळा वर्षं.

मी त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहते. मला हे कळलं ते विरजण मागायला गेले तेव्हा. ही बाई मेथी निवडायला बसावं तशी फतकल मारून बसलेली, मांडीवर तारेचं वेटोळं, तोंड माझ्याशी बोलतंय आणि बोटं आपली चाललीत. मधूनच हात लांब करून भिंतीवर खडूनं रेघ ओढायची. शंभर वेढ्यांना एक रेघ.

"बोलता बोलता आकडा चुकत नाही तुझा?" मी विचारलं.

"चुकला तर मोटार गरम होती वहिनी. अन् मग गिऱ्हाईक ह्यांच्यावर गरम होतंय."

"मग दुकानातच का बसत नाहीस?"

"बसले असते. पण एकदा का लोकांना कळलं की बाई भरती, तर विहिरीचं पाणी आटलं तरी म्हणतील, बाईनं मोटार भरली म्हणून आटलं."

तिच्याबद्दलची दुसरी गोष्ट कळायला आणखी दोन वर्षं गेली. तिचं माहेर माकणीचं. वडील बलभीम तिथल्या एका बेंजो पार्टीत वाजवायचे. वरातीपुढं वाजतो तो आपला बेंजो, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. एका हातानं बटणं दाबायची आणि दुसऱ्या हातातल्या पट्टीनं तारा छेडायच्या. वडील घरी सराव करायचे आणि ही शेजारी बसून बघायची. बाराव्या वर्षी तिला अख्खी वरात वाजवता येत होती. पार्टीत कोण घेणार? लग्नात वडलांनी भांडी दिली, कपाट दिलं, आणि गाडी निघताना स्वतःचा जुना बेंजो चादरीत गुंडाळून सीटखाली सरकवला. तेव्हापासून तो पलंगाखाली होता. दुपारी घरात कोणी नसलं की ती काढायची, खिडकी लावून वाजवायची. नुसत्या बेंजोचा आवाज तो केवढा? ताटलीवर पाऊस पडल्यासारखा. तारांखाली वडलांनी बसवलेला पिकअप होता, तारेचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारा, पण तो जोडायला काही नव्हतं.

परवाच्या नवरात्राआधी मारुतीच्या पारावर मंडळाची बैठक झाली. आमच्या मंडळात नवमीची संध्याकाळ बायकांची असते. दरवर्षी पाककृती, उखाणे आणि संगीत खुर्ची. अध्यक्ष आण्णासाहेब. वाईट माणूस नाही, उलट गल्लीत कुणाचं दुखलं-खुपलं तर पहिली गाडी त्यांचीच निघते. पण कुणी काय करायचं याची एक यादी त्यांच्या डोक्यात पक्की आहे, आणि ती त्यांच्या वडलांच्या काळातली आहे.

"यंदा पाककृतीला काय ठेवायचं?" त्यांनी विचारलं.

शिवगंगा उठून उभी राहिली. "यंदा म्या बेंजो वाजवणार हाय."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "भीमा, तू ताशा घे गळ्यात!" आणि सगळा पार हसला. भीमाशंकरही हसला, खाली बघून.

आण्णासाहेब समजुतीनं म्हणाले, "सूनबाई, देवीपुढं वाजवायचं काम बाप्या माणसाचं असतंय."

"आण्णा, मंडपात बसलेली कोण हाय? बाप्या हाय का?"

आता बायका हसल्या. आण्णासाहेबांचा चेहरा बदलला. ते टोपी सारखी करत म्हणाले, "बरं. पण मंडळाची सिस्टीम नाजूक हाय, ती बाईमाणसाच्या हातात द्यायची न्हाय. वायर न्हाय, माईक न्हाय. तुमची तुम्ही आणा, तुमच्या घरची लाइट घ्या, अन् खुशाल वाजवा. न्हाय जमलं तर पाककृती."

त्यांना वाटलं, विषय संपला.

"आणते," शिवगंगा म्हणाली आणि खाली बसली.

परत येताना मी तिला म्हटलं, "अगं, कुठून आणणार?" तर म्हणाली, "ते म्या बघते. पण वहिनी, यंदा जर माझ्या हातात उखाण्याचा माईक आला ना, तर पुन्हा ह्या पलंगाखालचं काही बाहेर निघणार न्हाय. मला म्हाईत हाय मी."

सोलापूरला तिची बहीण असते. तिच्याकडे म्हणून गेली आणि जुन्या बाजारातून एक काळा डबा घेऊन एसटीनं परत आली. गिटारचा ॲम्प्लिफायर. शाळेतल्या पत्र्याच्या पेटीएवढा, कोपऱ्यांना पत्रे ठोकलेले, पुढं जाळी, वर धरायला पट्टा. कुण्या ऑर्केस्ट्रावाल्यानं विकलेला. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच खोक्यात, एका माणसाला उचलता येणारा, आणि बेंजोची पिन त्याला बरोबर बसते. खोट एकच, तो बंद होता.

भीमाशंकरनं कपाळाला हात लावला. "भंगार आणलंस? भंगार आपल्याकडं कमी हाय व्हय?"

बाजारातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं मागचं झाकण उघडलं, वाकून वास घेतला आणि म्हणाला, "ट्रान्स्फॉर्मर जळालाय. असला मिळत न्हाय आता. कोंबड्यांना खुराडं करा."

तो गेल्यावर शिवगंगा मला म्हणाली, "वास काय त्यालाच येतो का? म्या सोलापूरच्या दुकानातच वास घेतला होता. जळक्या वाइंडिंगचा वास. म्हणून तर हाच घेतला, शेजारचा चालू होता तो सोडून. चालू असलेला बिघडला असता तर त्यातलं मला काय कळणार? ह्याचं काय गेलंय ते तरी मला कळतंय."

मी बी.ए.ला तर्कशास्त्र शिकले आहे, पण असं कुणी सांगितलं नव्हतं.

घटस्थापनेच्या दिवशी तिनं त्या डब्याचं पोट उघडलं, आणि पुढचे पाच-सहा दिवस माझे दुपारचे चहा तिच्याकडेच झाले. फ्यूजच्या जागी कुणीतरी जाड तार कोंबून ठेवली होती. आपल्याकडची ही जुनी खोड. फ्यूज सारखा उडतो म्हणून उडायची सोयच काढून टाकायची, मग फ्यूजऐवजी आतलं काळीज जळतं. तिनं ती तार काढून माझ्यापुढं धरली. "हे बघा. दोन रुपयांचा फ्यूज वाचवला शहाण्यानं."

ट्रान्स्फॉर्मर म्हणजे पत्र्याच्या पातळ तुकड्यांची चळत आणि मधे तारेचं रीळ. तिनं एकेक पत्रा सुरीच्या टोकानं सुटा केला आणि उपड्या ताटावर ओळीनं मांडला. जळालेलं वेटोळं सगळ्यात आतलं होतं. वरचं चांगलं होतं, पण आतल्यापर्यंत पोचायला तेही उलगडावं लागणार. उलगडताना मोजत जायचं, म्हणजे नवीन भरताना तितकेच वेढे देता येतात. मोटारीची तार दोऱ्यासारखी असते, ही केसासारखी. तीनदा तुटली. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा सहाशेच्या पुढं होती. शिवगंगा उठली, पाणी प्यायली, भिंतीवरच्या सगळ्या रेघा पदरानं पुसल्या आणि पहिल्यापासून बसली.

तिची सासू कोंडाबाई नऊ दिवसांचा उपास धरून घटापाशी बसलेली असायची. ती तिथूनच म्हणायची, "एवढी माळ जपली असतीस तर देवी पावली असती गं."

"तुमी जपताय ना आत्या. घरातनं एकीनं जपलं की झालं."

नव्या वेटोळ्याला वॉर्निश पाजून तिनं दोन दिवस गच्चीवर ऑक्टोबरच्या उन्हात पापडांसारखं वाळवलं. आतले दोन कपॅसिटर फुगलेले होते, त्यांच्या जागी बहिणीकडून सोलापूरहून मागवलेले नवे घातले. सातव्या माळेला जोडणी झाली. एकदम लाइट द्यायची नाही हे तिला दुकानामुळं पाठ. मधे शंभराचा बल्ब जोडायचा. आत काही एकत्र भिडलं असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि वस्तू वाचते. भीमाशंकरही दुकान सोडून आत आला. बटण दाबलं. बल्ब पेटला, आणि हळूहळू मंदावत अगदी लालसर झाला. डब्यावरचा दिवा लागला.

"चालतंय की," भीमाशंकर म्हणाला. आवाजात आश्चर्य होतं, ते लपवायची बुद्धी त्याला झाली नाही. शिवगंगानं ते बघितलं आणि पलंगाखालून बेंजो ओढला.

तिनं बेंजो जोडला आणि एक तार छेडली. मी एवढंच सांगते की कोंडाबाई घटापाशी बसल्या जागी वळली.

नवमी म्हणजे आमच्याकडे खंडेनवमी. घरातली हत्यारं धुऊन-पुसून मांडायची, हळदी-कुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची, आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. हे साखर कारखान्याच्या वर्कशॉपापासून सुताराच्या झोपडीपर्यंत सगळे पाळतात. भीमाशंकरनंही सकाळीच पाट मांडला. पान्हे, पकड, हातोडी, करंट कुठं गळतोय ते दाखवणारा मेगर, टेस्टर, सोल्डरिंगची काडी, तार भरायचं हातयंत्र, कोयता, कुऱ्हाड, पहार. सगळ्यांना कुंकू.

मंडप त्यांच्या घराच्या भिंतीला लागूनच. दुपारी एकला आम्ही चौघी-पाचजणींनी मिळून डबा, बेंजो, सतरंजी असं सगळं मंडपात नेलं, तिच्या खिडकीतून वायर घेतली आणि बटण दाबलं. हूंऽऽऽ. गिरणीच्या दारात उभं राहिल्यासारखा आवाज. बेंजोच्या तारेला हात लावला तर तिनं तो झटकन मागं घेतला.

"मुंग्या आल्या," ती म्हणाली. "करंट हाय तारेला."

खुर्च्या मांडून घेणाऱ्या आण्णासाहेबांनी लांबूनच विचारलं, "काय सूनबाई, भुंगा आणला का काय?" आणि मग पोरांना, "संगीत खुर्चीच्या दहा खुर्च्या बाजूला ठेवा रे."

भीमाशंकर जवळ येऊन हळूच म्हणाला, "तुझी वाइंडिंग बॉडीला लागली असंल. बारीक तार, कुठंतरी वॉर्निश राहिलं. आज तर मेगर बी लावता येत न्हाय. जाऊ दे आता. झालं ते लई झालं."

तिचा चेहरा पडला. सोळा वर्षांत तिची एकही मोटार परत आली नव्हती, आणि आज सगळ्या गल्लीसमोर तिच्याच हाताच्या कामावर बोट ठेवलं जात होतं. नवरा चेष्टा करत नव्हता, तेच जास्त लागलं. पाटावर मेगर होता, चार पावलांवर, कपाळाला कुंकू लावून. मला वाटलं, ही आता उचलते. पण ती तशी नाही. सण तिचाही होता.

"वहिनी, तुमच्या घरला चला," ती एकाएकी म्हणाली.

तिनं डबा उचलला, मी बेंजो घेतला, आणि भर दुपारी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आमची वरात निघाली. माझ्या स्वयंपाकघरात, मिक्सरच्या प्लगात तिनं पिन घातली. बटण दाबलं. शांत. तारेला बोट लावलं. काही नाही. छेडली, तर फळीवरच्या पिठाच्या डब्याचं झाकण थरथरलं.

शिवगंगा ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिनं डोळे मिटून घेतले. "माझी वाइंडिंग चांगली हाय," ती म्हणाली. मला सांगत नव्हती.

"मग काय बिघडलंय?"

"आमचं घर. अर्थिंग मेलंय आमचं." आणि हसायलाच लागली. "अख्ख्या शिवारातल्या मोटारींना अर्थिंग करून देणारा माणूस, अन् त्याच्या घरात न्हाय! दोन वर्षांमागं न्हाणीमागं शहाबादी फरशी बसवली, अर्थिंगचा खड्डा गेला खाली. तवापासनं थेंब पाणी न्हाय त्याला. परवा घरात कळलं न्हाय, मधी बल्ब होता अन् म्या लाकडी पलंगावर बसले होते."

माझ्या घरून वायर ओढावी तर मधे बारा घरं. एवढी लांब वायर एकाकडेच होती, मंडळाकडे. मी म्हटलं, "मी मागते आण्णासाहेबांना. मला नाही म्हणायचे नाहीत."

"मागू नका. त्यांनी सांगितलंय, तुमची तुम्ही आणा. तर माझीच आणणार."

आम्ही परत आलो. न्हाणीमागची फरशी उचलायची तर पहार लागते, आणि पहार पाटावर. भीमाशंकर आडवा उभा. "आज न्हाय. काय बी झालं तरी आज पहार उचलायची न्हाय. उद्या दसऱ्याला दहा फरश्या काढून देतो."

"उद्या काढून काय त्यात रोप लावू?" असं म्हणत शिवगंगा स्वयंपाकघरात गेली आणि बाहेर आली ती उलथणं घेऊन. मोठं, लोखंडी, लग्नकार्यात असतं तसलं.

"अगं ते बी हत्यारच की!" भीमाशंकर म्हणाला.

"व्हय? मग सकाळी पाटावर का न्हाय मांडलं? पकडीला कुंकू, पान्ह्याला कुंकू, तो गंजका कोयता बी मांडला तुमी. ह्याच्यावर वीस वर्सं ह्या घराच्या भाकरी उलथल्या, ह्याला कधी फूल वाहिलं का? न्हाय ना? मग ते आज कामाला मोकळं हाय."

भीमाशंकरनं आईकडे बघितलं. सणवाराचा शेवटचा शब्द कोंडाबाईचा. म्हातारीनं हातातली माळ घटापाशी ठेवली. मग म्हणाली, "म्या पन्नास वर्सं खंडेनवमी बघितली. उलथण्याला कुंकू लावल्यालं न्हाय बघितलं." आणि स्वयंपाकघराकडे बोट करून म्हणाली, "संडशी बी हाय बघ फळीवर. ती बी ने."

मी धावत जाऊन माझ्या घरचं उलथणं आणलं. मग आणखी दोघी आल्या. एकीकडे झारा, दुसरीकडे पुरणयंत्राचा दांडा. सांध्यातलं सिमेंट टोकरून टोकरून काढलं. माझ्या उलथण्याचा दांडा वाकला, तो अजून तसाच आहे. चार वाजता फरशी हलली. संडशीनं कड धरली, सगळ्यांनी बोटं घातली आणि ती उभी केली.

खाली माती अशी कोरडी की फुंकर मारली तर उडावी. मधे अर्थिंगचा पाइप, त्याला तार नीट बांधलेली, फक्त ओल नव्हती. शिवगंगानं पिशवीभर खडे मीठ ओतलं. आम्ही घागरी, बादल्या, हाताला येईल त्यातनं पाणी घातलं. जमीन अधाशासारखी प्यायली. उपासाच्या बायका, सकाळपासून पोटात भगर आणि दाण्याची आमटी, पण एकीनं म्हटलं नाही की बास. भीमाशंकर थोडा वेळ बघत उभा होता. मग त्यानं बाही वर केली आणि हौदाजवळ जाऊन मुकाट्यानं बादल्या भरून द्यायला लागला. बादली काही हत्यार नाही.

साडेपाचला तिनं पुन्हा बटण दाबलं. घरघर अगदीच गेली असं मी म्हणणार नाही. थोडी राहिली, लांबच्या गिरणीएवढी. पण तारेला बोट लावल्यावर तिनं ते काढून घेतलं नाही.

सहाला मंडप भरला. दहा खुर्च्या गोलात मांडून तयार होत्या. शिवगंगा त्या ओलांडून गेली, देवीपुढं सतरंजीवर बसली आणि बेंजो मांडीवर घेतला. सुरुवातीला बोटं अडखळली. समोर पोरं खिदळत होती. मग तिनं मान खाली घातली आणि वडलांची वरात काढली, दारातून निघालेली, वेशीपर्यंत गेलेली, मधे नाचणाऱ्यांसाठी थांबलेली. त्या काळ्या डब्यातून असा आवाज निघाला की रस्त्यावरचा उसाच्या टोळीचा ट्रॅक्टर कडेला लागला आणि ट्रॉलीतल्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या. खुर्च्यांवर कोण कधी जाऊन बसलं कळलंच नाही. पाऊण तास झाला, कुणी हललं नाही.

आण्णासाहेब मंडपाच्या खांबाशी होते. त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. शेवटी आरतीचं ताट घेऊन पुढं आले आणि मोठ्यानं म्हणाले, "झालं का? आता बंद करा. आरतीची वेळ झाली."

आरतीपुढं कोण काय बोलणार. मला वाटलं, संपलं. शिवगंगानं त्यांच्याकडे बघितलं, ताटातल्या निरांजनाकडे बघितलं, पट्टी उचलली आणि बेंजोवर आरतीच सुरू केली.

पहिल्या ओळीला मंडपात येऊन बसलेल्या कोंडाबाईनं टाळी धरली. दुसरीला सगळा मंडप उभा राहिला. आण्णासाहेब ताट घेऊन देवीसमोर तसेच उभे. आरती एकदा सुरू झाली की ती थांबवता येत नाही, आणि हातात ताट असलेल्या माणसाला जाताही येत नाही. त्यांनी ओवाळायला सुरुवात केली. आधी बेंजोच्या मागं मागं, मग तालात. तिसऱ्या कडव्याला त्यांचा खर्जातला आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

आरती झाली, प्रसाद वाटला. भीमाशंकर वायर गुंडाळत होता. एका ऊसवाल्यानं त्याला विचारलं, "भीमा, हा डबा तू नीट केला व्हय?"

भीमाशंकरनं वायरीचा वेढा खांद्यावर टाकला. "न्हाय. तिनं केला. तुझी मागच्या महिन्यातली मोटार बी तिनंच भरली," तो म्हणाला.

शिवगंगा तोवर आण्णासाहेबांसमोर जाऊन उभी राहिली होती. वाजवू का, चालेल का, असं तिनं काही विचारलं नाही.

"आण्णा, उद्या दसऱ्याला देवी किती वाजता निघती?"

आण्णासाहेबांनी ताट दुसऱ्या हातात घेतलं. डब्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि टोपी सारखी केली.

"चारला," ते म्हणाले.

"मग म्या साडेतीनला येते. देवीच्या ट्रॅक्टरवर पुढची, जनरेटरजवळची जागा ठेवा."